हात एक, चिठ्ठ्या एकोणीस

नववीच्या मुलांना ग्रंथालयातून सगळ्यात जास्त काय हवं असतं, ते मी डोळे मिटून सांगू शकते. जग पार बिघडलेलं आहे, माणसांना ठरवून दिलेल्या चौकटीत जगावं लागतंय आणि त्यांच्याच वयाचं कुणीतरी त्याविरुद्ध उभं राहतंय, अशा कादंबऱ्या. 'हंगर गेम्स' २००८ साली आली, तेव्हा यातली बरीचशी मुलं जन्मलीही नव्हती. तरी 'मॅडम, ती धनुष्यवाली द्या' ही मागणी थांबत नाही. तिच्या प्रतीवरची तारीखपट्टी भरली म्हणून मी खाली दुसरी चिकटवली, तीही भरत आली आहे.

मी सांगलीतल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असतो, पण तो ज्यांचा पोर्शन मागे पडलाय त्या सरांना जातो. या वर्षी नववीच्या एका तुकडीचा तास मी भांडून मिळवला आणि त्यात लोइस लॉरीची 'द गिव्हर' सांगायला घेतली. प्रत एकच, म्हणून काही भाग इंग्रजीत वाचायचा आणि बाकीचा मराठीत सांगायचा.

१९९३ सालचं पुस्तक आहे. त्यातल्या गावात भूक नाही, भांडणं नाहीत आणि रंगही नाहीत. मुलं बारा वर्षांची झाली की एका समारंभात ज्येष्ठांची समिती प्रत्येकाला त्याचं जन्माचं काम नेमून देते. त्याआधी ही समिती मुलांवर लक्ष ठेवून असते. कोण कुठे रमतं, कुणाला काय जमतं, सगळं टिपलं जातं. जोनसच्या वाट्याला आठवणी सांभाळायचं काम येतं. मग हळूहळू त्याला कळत जातं की गावात ज्याला 'मुक्त करणं' म्हणतात, ते सुई टोचून मारणं आहे. त्या प्रसंगाला वर्गात कुणाची हालचाल नव्हती. मागच्या बाकावरचं कंपासपेटीचं वाजणंसुद्धा थांबलं होतं.

पुस्तक संपलं त्या दिवशी मी विचारलं, "या गावात राहायला कुणाला आवडेल?"

सत्तेचाळीस मुलांचा एकसुरात 'नाही' आला. आणि खिडकीकडच्या रांगेतला एक हात वर राहिला.

ती मुलगी फारशी बोलत नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तिथं निदान वर्षभर कुणीतरी आपल्याकडे बघतं, मग ठरवतं. आमच्याकडं कोण बघतंय? नव्वदच्या वर पडले की सायन्स, नाहीतर कॉमर्स. मला आवडलं असतं."

वर्ग उसळला. आधी हसणं, मग 'हिटलर, हिटलर' असा ओरडा. सगळ्यात पुढे होता तो मुलगा, ज्याने कंपासपेटीच्या झाकणावर बॉलपेनने 'हंगर गेम्स'मधला तो बंडखोरांचा पक्षी काढला आहे. आणि हे त्याचं एकट्याचं नाही, त्या तुकडीत निम्म्या झाकणांवर तोच पक्षी आहे, तसाच डावीकडे मान वळवलेला, कारण पहिल्याने तसा काढला होता. बंडाच्या गोष्टीवर जीव टाकणारी ही मुलं, एका मुलीने वेगळं म्हटल्यावर तिला ओरडून खाली बसवत होती. ती बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. फक्त वहीचा कोपरा दुमडत राहिली.

बी.एड.ला शिकलेला सॉलोमन ॲशचा प्रयोग मला त्या क्षणी आठवला. १९५०च्या दशकातला, अमेरिकेतला. एका खोलीत कॉलेजची काही मुलं बसवायची. कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे, ते मोठ्याने सांगायचं. एक सोडून सगळी आधीच शिकवून ठेवलेली, ठरावीक वेळी मुद्दाम एकच चुकीचं उत्तर देणारी. समोर धडधडीत दिसत असूनही जवळपास तीन चतुर्थांश मुलं एकदा तरी त्यांच्यामागे गेली. पण उत्तर कागदावर लिहून द्यायला सांगितलं की चुका फार कमी झाल्या. आणि खरं सांगणारा एक जरी सोबती खोलीत असला, तरी चुका चौथाईवर आल्या.

संगणकावर सूची आल्यापासून आमची जुनी सूचीकार्डं एका खोक्यात पडून आहेत. पुढच्या बाजूला लेखक, शीर्षक, दाखल अंक, खाली सळईसाठी भोक, मागची बाजू कोरी. ती टाकायला माझं मन धजलं नव्हतं. त्या दिवशी वर्गात वाटली. म्हटलं, नाव घालू नका, 'हो' किंवा 'नाही' लिहा, वाटलं तर कारण लिहा.

तास संपल्यावर कपाटाआड बसून मोजली. एकोणीस 'हो'.

'नापास व्हायची भीती नसती.' 'आईबाबांची भांडणं नसती.' एका कार्डावर: 'तिथे काम बाबा ठरवत नाहीत, जे मला बघतात ते ठरवतात.' हे अक्षर मी ओळखते. देवघेवीच्या वहीत मुलं स्वतः नाव लिहितात, त्यामुळे निम्म्या शाळेचं अक्षर मला पाठ आहे. ते कार्ड 'हिटलर' ओरडणाऱ्या मुलाचं होतं.

वर्गशिक्षक म्हणाले, "असली पुस्तकं देऊ नका, पोरं बिथरतात." त्यांनी यातलं एकही उघडलेलं नाही, हे मला माहीत आहे कारण त्यांच्या कार्डावर गेल्या काही वर्षांत मार्गदर्शिकांशिवाय काही नाही. माझं मत नेमकं उलटं आहे. ही मुलं बंडासाठी वाचतात असं आपण मानतो. मला आता वाटतं, ती ओळखीसाठी वाचतात. सकाळी सहाचा क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास, गुणांवर लागणारी तुकडी, आणि सगळं ठरवणारी माणसं कधी न दिसणारी. त्यांना हे जग वर्णन करून सांगावं लागत नाही. आणि त्यातल्या नायकात जे हवंहवंसं वाटतं, ते त्याचं लढणं असेल की त्याला कुणीतरी निवडलं हे असेल, याचं उत्तर त्या कार्डांमध्ये आहे. वर्गात ते कुणी बोलू शकलं नाही, कारण बंडखोर असणं हाच तिथला नियम झाला आहे.

दोन दिवसांनी ती मधल्या सुट्टीत आली. पुस्तक परत केलं, दुसरं घेतलं, आणि मग विचारलं, "मॅडम, चिठ्ठ्यांत काय होतं?"

मी आकडा सांगितला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "एकोणीस? मग हात का नाही केला कुणी?" आणि लगेच, "त्यात तो होता का?"

नाव घालू नका असं मीच सांगितलं होतं. म्हटलं, "ते मी सांगणार नाही." तिने मान हलवली आणि गेली. तो मात्र त्यानंतर तिच्या वाटेला गेलेला नाही, वर्गात तिच्याकडे बघतही नाही.

आकडा वर्गाला सांगावा असं मला मनापासून वाटतं. त्या अठरा जणांना कळायला हवं की शेजारच्या बाकावर सोबती बसला होता. पण सांगितला की मुलं एकमेकांची अक्षरं आठवू लागतील, 'तू लिहिलंस ना' सुरू होईल, आणि सगळ्यात आधी तोच सापडेल. पुढचा तास गणिताच्या सरांनी मागून घेतला आहे. मुख्याध्यापकांकडे मी त्याच्या पुढच्या आठवड्याचा तास लेखी मागितला आहे. कार्डं माझ्या टेबलाच्या कुलपात आहेत.