घरी बांधलेली गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर: कासल कूमचा एक दिवस

गॅरेजमध्ये स्वतः बांधलेली गाडी पहिल्यांदा रेस ट्रॅकवर न्यायची असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. तो दिवस गाडीचा आहे, आपला नाही. वळणं सुधारणं, वेग वाढवणं हे सगळं पुढच्या वेळी. पहिल्यांदा एवढंच बघायचं की आपण आवळलेला प्रत्येक बोल्ट, ओढलेली प्रत्येक वायर आणि वळवलेला प्रत्येक ब्रेक पाइप जोरात चालवल्यावरही जागच्या जागी राहतो का. मी याच हिशेबाने इंग्लंडमधल्या विल्टशर काउंटीतल्या कासल कूम ट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, गेलो होतो. इथे राहणाऱ्या आणि गॅरेजात अर्धवट चेसिस घेऊन बसलेल्या मराठी मंडळींना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या, दोन सीटच्या ब्रिटिश गाडीच्या धर्तीची आहे. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये सेव्हन काढली तेव्हा ती सुट्या भागांतही मिळायची. घरी जोडली की त्या काळचा खरेदीकर वाचायचा. १९७३ पासून ती गाडी केटरहॅम ही कंपनी बनवते आणि आजही किटच्या रूपात विकते. माझी त्यातली नव्हे. चौकोनी पाइपांची चेसिस एका छोट्या वर्कशॉपकडून आणली आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक असं सगळं एका गंजलेल्या माझदा एमएक्स-५ मधून काढलं. मूळ माझदा हजार किलोच्या आसपास, ही साडेसहाशेच्या आत. इंजिन तेच १.८ लिटरचं, पण ओढायला वजन एवढं कमी की गाडीचा स्वभावच बदलतो. कॉलेजात बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी गाडी बांधलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

रस्त्यावर आणण्याआधी अशा गाडीला इथे आयव्हीए नावाची सरकारी तपासणी पास करावी लागते. ब्रेक, दिवे, आवाज, स्टिअरिंग, अगदी बाहेरच्या धारदार कडासुद्धा बघतात. घरी गाडी बांधणाऱ्यासाठी कायद्यानेच एक दार उघडं ठेवलंय, याचं मला फार मोल वाटतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून बांधलेली छोटी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि बदल्यात बोलेरो दिली, पण ही गाडी नियमांत बसत नाही, कधी ना कधी अडवतील, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. तशा माणसाला आपल्याकडेही तपासणीची सरळ वाट असायला हवी.

मात्र आयव्हीए पास झाली म्हणजे गाडी ट्रॅकला तयार झाली असं नाही. तपासणीत गाडी सावकाश चालते. ट्रॅकवर ती एका मिनिटात जितके हिसके खाते तितके रस्त्यावर महिनाभरात खात नाही.

तयारीत सगळ्यात आधी ब्रेक ऑइल. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. बांधणीच्या काळात भरलेलं ऑइल गॅरेजात पडून जुनं झालेलं असतं, तेव्हा जाण्याआधीच्या आठवड्यात पूर्ण बदलून, हवा काढून घ्या. इंजिन ऑइलची पातळी काठीवरच्या वरच्या खुणेला हवी. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात (संप) आडपडदे बसवलेले असतील तर उत्तम, कारण लांब वळणात ऑइल एका बाजूला चढतं आणि पंप हवा ओढतो. वळणात असताना प्रेशरच्या काट्याकडे बघायला सवड नसते. म्हणून मी डॅशवर नजरेसमोर एक मोठा लाल दिवा बसवलाय, प्रेशर पडलं की लागतो. खर्च किरकोळ आहे, इंजिनाचा नाही.

दुसरं काम कंटाळवाणं, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट, सीटचे पट्टे, प्रॉपशाफ्ट, इंजिन माउंट अशा प्रत्येक ठिकाणच्या बोल्टवर टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणारा पाना, लावा आणि नटापासून ब्रॅकेटपर्यंत पेंट मार्करने पिवळी रेघ ओढा. नट हलला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघावं लागत नाही.

कासल कूम हा दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. त्याच्या कडेच्या रस्त्यावर १९५० मध्ये रेसिंग सुरू झालं. लांबी १.८५ मैल, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर. चिपनमच्या जवळ, एम४ मोटरवेपासून फार आत नाही. उघड्या गाडीतून मोटरवेवर जाताना कानात बोळे घाला, नाहीतर पोचेपर्यंतच डोकं उठतं. गाडीत पाना ठेवायलाही जागा नाही, म्हणून ब्रिस्टलला राहणारा माझा मेहुणा त्याची इस्टेट कार घेऊन मागून आला. जॅक, टॉर्क रेंच, ऑइल, कूलंट, होज क्लिपा, केबल टाय, हवा मोजायचं मीटर, पेट्रोलचा कॅन आणि दशम्या-चटणीचा डबा, सगळं त्याच्याकडे. एकट्याने जाऊ नका. गाडी बंद पडली तर घरी न्यायचं कसं हेही आधी ठरवा. रस्त्यावरची ब्रेकडाउन सेवा ट्रॅकवरून गाडी उचलायला बहुतेक वेळा येत नाही.

विम्याचंही तसंच. रोजचा विमा सहसा ट्रॅकवर लागू नसतो. एका दिवसाचा वेगळा विमा मिळतो, त्यात सुरुवातीची मोठी रक्कम आपल्यालाच भरावी लागते. ती किती, हे वाचून मगच सही करा.

सकाळी सगळ्यात पहिली परीक्षा आवाजाची. माणूस मीटर घेऊन येतो, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात धरतो आणि इंजिन कमाल आरपीएमच्या पाऊण पटीवर स्थिर धरायला सांगतो. माझ्या इंजिनाची लाल रेघ ७,००० वर, म्हणजे सव्वापाच हजारांवर. आमच्या दिवसाची मर्यादा १०० डेसिबल होती आणि गाडी ९७ वर आली. डेसिबलचं माप सरळ चढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे ‘थोडंसंच जास्त आहे’ असं काही नसतं. शिवाय बऱ्याच ट्रॅकवर धावत्या गाडीचा आवाजही कडेने मोजतात. सेव्हनसारख्या गाड्यांचा सायलेन्सर बाजूला, छोटा आणि उघडा असतो. आतली फायबरची भरण जळून गेली की आवाज वाढतो, म्हणून निघण्याआधी ती नवी भरून घ्या. आमच्यासमोर एक सुंदर गाडी याच कारणाने परत गेली. भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

मग ब्रीफिंग. झेंडे, पिट लेनचे, म्हणजे ट्रॅकवर जायच्या-यायच्या रस्त्याचे नियम, ओव्हरटेक कुठे आणि कोणत्या बाजूने करायचं, सगळं तिथे सांगतात. इथल्या ट्रॅक डेला शर्यत नसते. वेळ मोजायला बंदी असते आणि पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नसतं. हात-पाय झाकणारे कपडे लागतात आणि उघड्या गाडीला पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट बरं. गाडी उलटली तर डोकं वाचवणारा रोल बार तर हवाच. घरीच हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटवर बसा आणि रोल बारच्या माथ्यापासून डॅशच्या वरच्या कडेपर्यंत एक सरळ काठी ठेवायला सांगा. हेल्मेट काठीला लागत असेल तर सीट खाली घ्यावी लागेल. पुढे-मागे टो हुकही हवेत, कारण खडीत रुतलेल्या गाडीला मार्शल दोर बांधणार कुठे?

सुरुवातीच्या फेऱ्या पुढच्या गाडीमागे सावकाश, ट्रॅक ओळखण्यासाठी. पिट लेनमध्ये शिरण्याआधी मेहुणा पट्टा आवळत म्हणाला, “दाजी, दोन मोकळ्या फेऱ्या आणि आत. तिसरी नाही. गाडी उघडून बघूया, मग हवं तेवढं चालवा.”

त्याचं ऐकलं. दोन फेऱ्यांनी आत आलो, गाडी जॅकवर घेतली आणि दोघे रेघा बघत फिरलो. मागच्या डाव्या विशबोनच्या, म्हणजे चाक चेसिसला जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या, एका बोल्टची रेघ तुटली होती. तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. कारण समजण्यासारखं होतं. चेसिसवर पावडर कोटिंग असतं, त्यावर वॉशर बसतो. गाडीवर जोर आला की वॉशरखालचा तो रंगाचा थर दबतो आणि बोल्टचा ताण कमी होतो. नायलॉन लॉकचा नट गळून पडत नाही, पण जोड हलायला लागतो. आम्ही तो पुन्हा आवळला, जुनी रेघ पुसून नवी ओढली. बाकी सगळ्या रेघा शाबूत होत्या. चाकांचे नटही तपासले. माझ्या गाडीला १०० न्यूटन-मीटर लावतो. पुढच्या सत्रानंतरही तोच क्रम केला, आणि मग त्या बोल्टची रेघ जराही हलली नाही. गाडीचे जोड आता नीट बसले, असं मेहुणा म्हणाला तेव्हा माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

आता ट्रॅकविषयी. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथे एकच जागा नीट लक्षात ठेवावी: एव्हन राइज. सुरुवातीच्या रेषेनंतर फॉलीचा हलका उजवा बाक येतो, पाय तसाच ठेवता येतो, वेग वाढत जातो आणि समोर एक उंचवटा दिसतो. त्याच्या माथ्यावर गाडी हलकी होते. साडेसहाशे किलोच्या गाडीत तर सीटखालचं वजन गेल्यासारखं वाटतं. आणि नेमकं तिथेच, उतरताना, क्वारी या उजव्या वळणासाठी जोरात ब्रेक मारायचा असतो. चाकांवर भार नसताना ब्रेक दाबला की मागची चाकं आधी जाम होतात. घरी बांधलेल्या गाडीत ही भीती जास्त, कारण पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी दुसऱ्याच वजनाच्या गाडीसाठी केलेली असते. उपाय सोपा आहे. माथ्याच्या आधीच, स्टिअरिंग सरळ असताना, वेग उतरवायला सुरुवात करा. उंचवटा ओलांडून गाडी पुन्हा दबली की मग उरलेला ब्रेक. अनुभवी चालक माझ्या कितीतरी नंतर ब्रेक मारत होते. मारू देत. तिथे बाहेर जाण्याची किंमत मोठी आहे.

इसेस आणि बॉबीज हे दोन शिकेन, म्हणजे लागोपाठची उलटसुलट वळणं, १९९९ च्या सुमाराला वेग कमी करण्यासाठी घातले. माझ्यासारख्या हलक्या गाडीला तिथेच खरी मजा येते. गाडी बोट फिरवाल तशी फिरते, दोन्ही पुढची चाकं वर-खाली होताना डोळ्यांना दिसतात, आणि ती विशबोन आपण हाताने बसवली हे त्या क्षणी आठवतं. त्या आनंदासाठी मी पुन्हा तेवढ्याच रात्री गॅरेजात घालवायला तयार आहे. सरळ रस्त्यावर मात्र मोठ्या इंजिनाच्या गाड्या मागून येतात, कारण सेव्हनचं नाक वाऱ्यापुढे भिंतीसारखं उभं असतं. आरशात दिसल्या की बाजूला व्हा, पाय थोडा सोडा, जाऊ द्या. आरसे थरथरतात, त्यांचे स्टँड आधीच घट्ट करून ठेवा.

दुपारनंतर कॅम्प नावाच्या लांब उजव्या वळणात इंजिन क्षणभर अडखळलं. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली गेलं होतं. टाकी चपटी आणि रुंद, उजव्या वळणात पेट्रोल डावीकडे पळतं आणि पाइपच्या तोंडाशी हवा येते. कॅनमधलं ओतलं आणि तक्रार संपली. कासल कूमला महत्त्वाची वळणं बहुतेक उजवीच, म्हणून अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ नका. ट्रॅकवर पेट्रोल रस्त्याच्या दुपटीहून जास्त लागतं, तो हिशेब धरून कॅन भरा.

टायरची हवा मी थंड असताना १८ पीएसआय ठेवली होती. एवढ्या हलक्या गाडीला रस्त्यावरच्या मोटारीइतकी हवा लागत नाही. गरम झाल्यावर बाहेर आल्या आल्या मोजायची, चारही चाकं सारखी वाढली आहेत का बघायचं. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता, संथ काढा. आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा.

आम्ही शेवटचं सत्र सोडून दिलं. गाडी ठणठणीत होती, पण हात जड झाले होते आणि घरापर्यंत तीच गाडी चालवत न्यायची होती. घरी आल्यावर ब्रेक पॅड मोजले, रेघा पुन्हा बघितल्या, टाकीत आडपडदे घालायचं काम यादीत सगळ्यात वर लिहिलं.

जायचं ठरवाल तर मे ते सप्टेंबरमधला आठवड्यामधला वार निवडा. हिवाळ्यात दर उतरतात, पण थंड ओल्या रस्त्यावर नवी गाडी ओळखता येत नाही. नवख्यांसाठी वेगळा गट असलेला दिवस घ्या आणि अर्धा तास प्रशिक्षक शेजारी बसवा. पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा: घरी बांधलेली गाडी चालते का, उभ्या आणि धावत्या गाडीच्या आवाजाची मर्यादा किती, उघड्या गाडीला रोल बारचा नियम काय, शेजारी माणूस बसवता येतो का, कॅमेरा कुठे लावायला परवानगी आहे. उत्तरं लिहून घ्या.