यंदाची निवड: कुमारांसाठी जादूची आणि भुताखेताची पुस्तकं

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की कोल्हापुरात शाळेच्या सुट्टीची चर्चा सुरू होते. आठवी-नववीच्या पोरांच्या हातातून मोबाइल काढायचा तर बदल्यात काहीतरी तेवढंच जबरदस्त द्यावं लागतं. ही निवड त्यासाठी. निकष एकच लावला: जादू चालेल, भूत चालेल, पण त्याचे नियम लेखकानं लवकर सांगावेत आणि शेवटपर्यंत पाळावेत. संकट आलं की नायकाला नवीच शक्ती फुटते, असली पुस्तकं बाद.

पहिला नंबर जोनाथन स्ट्राउडच्या 'लॉकवुड अँड कंपनी'चा. 2013 ते 2017 या काळात आलेले पाच भाग. लंडनभर भुतं सुटलीत, पण मोठ्यांना ती नीट दिसत नाहीत की ऐकू येत नाहीत. म्हणून भुतं धरायच्या कंपन्यांत पोरंच कामाला. हत्यारं म्हणजे लोखंडी साखळ्या, मीठ, चांदी आणि तलवार. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको! कामाची रीतही ठरलेली: आधी त्या घराचा इतिहास काढायचा, मग साखळीचं रिंगण करून आत उभं राहायचं, भूत ज्या वस्तूला चिकटलंय ती वस्तू शोधायची आणि चांदीनं बंदिस्त करायची. पहिल्याच भागात ही मंडळी पुरेशी माहिती न काढता आणि साखळ्या न घेता जातात. परिणामी घर पेटतं आणि भरपाईपायी कंपनी बुडायची वेळ येते. भीती खरी वाटते ती या हलगर्जीपणामुळे. वय बारा-तेराच्या पुढे. भाग क्रमानंच वाचा, कारण बरणीतल्या कवटीचं प्रकरण पुढे वाढत जातं. 2023 ची वेबमालिका एकाच सीझननंतर बंद पडली, त्यामुळे पुढची गोष्ट पुस्तकातच मिळेल.

ली बार्डूगोचं 'सिक्स ऑफ क्रोज' (2015) म्हणजे सहाजणांच्या टोळीनं आखलेल्या चोरीची गोष्ट. बरेच जण ती सुरुवातीलाच सोडतात. पहिलं प्रकरण एका पहारेकऱ्याचं आहे आणि तो मुख्य सहाजणांतला नाहीच. पुढे प्रत्येक प्रकरणाला सांगणारा बदलतो. प्रकरणाच्या डोक्यावर नाव असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. जादूगारांच्या प्रकारांचा तक्ता सुरुवातीला दिलाय, तिथं एक चिठ्ठी घालून ठेवा. या जगातली आधीची तीन पुस्तकं वाचली नाहीत तरी अडत नाही. मात्र ती वाचायची असतील तर आधीच वाचा, नाहीतर त्यांतली रहस्यं इथं फुटतात. चोरीचा बेत नाद खुळा आहे, पण मुलींच्या विक्रीचे उल्लेख येतात, म्हणून पंधराच्या आत नको. 'क्रुकेड किंग्डम' हा दुसरा भाग हाताशी असल्याशिवाय पहिला संपवू नका. शेवट लटकता आहे.

धाकट्यांसाठी रोशनी चोक्शीची 'आरू शाह' मालिका, पाच भाग. पांडव मुलींच्या रूपात जन्माला आलेत: आरू म्हणजे अर्जुन, तिच्या जोडीची घाबरट मिनी म्हणजे युधिष्ठिर. महाभारत ऐकलेल्या पोराला अर्धे विनोद आपोआप कळतात. अमेरिकी शाळेतले संदर्भ कळले नाहीत तरी सोडून द्यावेत, प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडला तर गोष्ट मरते.

व्हॅम्पायरच्या प्रेमात पडलेली मुलगी हा प्रकार घेतला नाही. त्यात नियम कमी आणि उसासे फार.

मराठीत नारायण धारपांना पर्याय नाही. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, पण वातावरण इथलं. ती सोळाच्या पुढे. त्याआधी धारपांच्याच 'समर्थ' या पात्राच्या कथा द्या.

1850 पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात मालिका मागताना आधी सगळे भाग आहेत का ते विचारा, मधला एखादा बाहेर गेलेला असू शकतो. रस्त्यावरची स्वस्त प्रत घेताना पानांचे आकडे तपासा. पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांनी बांधतात, बहुधा सोळा-सोळा पानांच्या, त्यामुळे गळतं तेव्हा एखादं पान नाही, अख्खा फर्माच गळतो. कधी तोच फर्मा दोनदा लागतो. शिवणीकडच्या ओळी कण्यात गेल्यात का तेही उघडून बघा. 'सिक्स ऑफ क्रोज'मध्ये एक फर्मा गेला तर एखाद्याचं प्रकरणच जातं आणि पुढचा बेत कळत नाही.