भिंतीतला राडारोडा

जुने घर पाडले की राडारोड्याचे काय करायचे, ही आपल्याकडची नेहमीची कटकट. ट्रक बोलावायचा, रात्रीच्या अंधारात तो कुठल्यातरी ओढ्याकाठी रिकामा करायचा आणि नव्या बांधकामाला मोकळे व्हायचे, अशी रीतच पडली आहे. पूर्व फ्रान्समधील रोंशां या एकेकाळच्या कोळसा खाणींच्या गावातल्या चॅपेलचे, म्हणजे छोट्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचे, जगप्रसिद्ध छप्पर पाहताना माझे लक्ष म्हणूनच त्याच्या भिंतींकडे जाते.

गावाशेजारच्या बूर्लेमाँ टेकडीवर मेरीमातेची यात्रा फार पूर्वीपासून भरते. तिथले चॅपेल १९१३ मध्ये वीज पडून जळाले, पुन्हा बांधले गेले आणि १९४४ च्या शरद ऋतूत, जर्मन सैन्याकडून हा भाग मुक्त करताना झालेल्या लढाईत उद्ध्वस्त झाले. नवे चॅपेल बांधण्यासाठी वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांना गळ घालण्यात आली. ते श्रद्धावंत नव्हते आणि आधी तयारही नव्हते. टेकडीवरून चारी दिशांना दिसणाऱ्या क्षितिजाने त्यांचे मन वळवले, असे म्हणतात. २५ जून १९५५ रोजी चॅपेलचे पवित्रीकरण झाले.

वर सामान नेण्यासाठी धड रस्ता नव्हता, पण पडक्या चॅपेलचे दगड तिथेच होते. आगीने आणि थंडीने तडकलेले हे दगड भार पेलण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. त्यामुळे छपराचे ओझे काँक्रीटच्या खांबांवर सोपवले गेले आणि ते खांब भिंतींच्या पोटात दडवून दगड भरावासाठी वापरले गेले. वरून सिमेंटचा खडबडीत गिलावा आणि पांढरा रंग दिल्यामुळे आत काय आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. खेकड्याच्या कवचावरून सुचलेले ते अवजड छप्पर या जाड भिंतींवरच विसावले असावे असे बाहेरून वाटते; आत गेल्यावर मात्र भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये सुमारे १० सेंटीमीटरची फट दिसते आणि तिच्यातून उजेडाची एक रेघ आत येते. युद्धात एकदा कोसळलेल्या दगडांवर पुन्हा ओझे टाकलेले नाही, हे ती फट उघड सांगून टाकते, आणि मला या वास्तूतली सर्वांत सभ्य गोष्ट तीच वाटते.

जुन्या चॅपेलमधली मेरीची मूर्ती पूर्वेच्या भिंतीत काचेआड बसवली आहे. यात्रेच्या दिवशी गर्दी आत मावत नाही, म्हणून त्या भिंतीबाहेर दुसरी वेदी केलेली आहे आणि मूर्ती बाहेरच्या भाविकांकडे वळवता येते.

जुन्या चॅपेलच्या दगडांतून हिरवळीच्या कडेला एक पायऱ्यांचा पिरॅमिडही रचला गेला. १९४४ मध्ये या टेकडीवर मारल्या गेलेल्या फ्रेंच सैनिकांचे ते स्मारक आहे. त्यासाठी दुरून संगमरवर आणला असता तर तो अधिक देखणा दिसला असता, यात शंका नाही. पण ते सैनिक आणि हे दगड एकाच लढाईत पडले होते.