गाडीच्या एसीचे तीन आवाज: दुसरी नोंद

मागच्या नोंदीत मी माझ्या जुन्या हॅचबॅकच्या एसीचे तीन आवाज नोंदवले होते: वळणावर पायांपाशी होणारी पाण्याची खळखळ, बॉनेटखालची गुरगुर आणि डॅशबोर्डामागून सतत येणारा फुसफुसणारा आवाज. हे तिन्ही एकाच बिघाडातून येत असावेत, असा माझा समज होता. महिनाभराच्या तपासणीनंतर तिघांची कारणे वेगवेगळी निघाली.

खळखळ लवकर सुटली. डिचोलीहून साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट चढताना प्रत्येक वळणावर ती ऐकू येत असे. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेतील बाष्प थंड कूलिंग कॉइलवर जमते आणि त्याचे पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली गळते. ती नळी लाल माती आणि पानांच्या चुऱ्याने बुजली होती. खालून नायलॉनची जाड तार हळूच आत सारताच तुंबलेले गढूळ पाणी बाहेर पडले. एसी चालू असूनही गाडीखाली पाण्याचा थेंब दिसत नसेल, तर आधी हीच नळी पाहावी.

गुरगुरीने मात्र माझे तीन रविवार घेतले. गॅरेजमधील मेस्तांनी आवाज ऐकताच कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला दिला होता. त्यांचा अनुभव मोठा आहे, पण एवढा खर्च करण्यापूर्वी कोणत्या स्थितीत कोणता भाग फिरतो हे तपासून पाहावे, असे मला वाटले. इंजिन बंद ठेवून केवळ पंखा चालवला तर फक्त ब्लोअर फिरतो. इंजिन चालू आणि एसी बंद असताना कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यामुळे फिरतच असते, परंतु क्लच सुटलेला असल्याने आतला कॉम्प्रेसर स्थिर असतो. एसी चालू केल्यावर चुंबकीय क्लच पुढची प्लेट पुलीला घट्ट चिकटवतो आणि तेव्हाच आतले पिस्टन हलू लागतात. भाच्याला गाडीत बसवून मी त्याला एसीचे बटण पुन्हा पुन्हा चालू-बंद करायला सांगितले आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक कॉम्प्रेसरच्या स्थिर अंगाला टेकवून मूठ कानाशी धरली. (हे करताना सैल बाह्या आणि हात पट्ट्यापासून कटाक्षाने दूर ठेवावेत.) गुरगुर एसी बंद असतानाही तितकीच होती आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा सूर चढत होता. म्हणजे संशय कॉम्प्रेसरच्या पोटावरून पुलीच्या बेअरिंगवर आला.

माझ्या गाडीत एसीचा पट्टा स्वतंत्र आहे आणि पाण्याचा पंप त्यावर चालत नाही, म्हणून तो काढून इंजिन थोडा वेळ चालवता आले. गुरगुर पूर्ण थांबली. पुली हाताने फिरवली तेव्हा बोटांना वाळू घासल्यासारखा खरखरीत स्पर्श जाणवला.

क्लचची प्लेट, पुली आणि बेअरिंग हे तिन्ही भाग बाहेरून निघतात, म्हणून गॅस सोडावा लागत नाही. मधला बोल्ट काढून प्लेट, मग सर्क्लिप (पुली अडवून धरणारी स्प्रिंगची कडी) काढून पुलर या ओढून काढणाऱ्या अवजाराने पुली, असा क्रम होता. 35 मिमी आतला व्यास, 50 मिमी बाहेरचा आणि 20 मिमी रुंदी, अशा मापाचे नवे बेअरिंग म्हापशाला मिळाले आणि तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर बसवून घेतले. बेअरिंग पुलीच्या भोकात घट्ट बसत असल्यामुळे दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायला हवा. आतल्या कड्यावर दिला तर तो गोळ्यांमधून जातो आणि नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते. जोडणीनंतर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) प्लेट आणि पुलीमधील फट मोजली, ती 0.8 मिमी भरली. फट जास्त असेल तर क्लचच्या गरम झालेल्या चुंबकीय कॉइलला प्लेट ओढता येत नाही. आतला 0.3 मिमीचा शिम (पातळ चकती) काढल्यावर ती 0.5 मिमी झाली. त्यानंतर गाडी पणजीपर्यंत दोनदा जाऊन आली आणि गुरगुर परतली नाही.

उरला फुसफुसणारा आवाज. एसी बंद केल्यावर थोडा वेळ असा आवाज येणे स्वाभाविक आहे, कारण जास्त आणि कमी दाबाच्या दोन्ही बाजूंचा दाब तेव्हा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, म्हणजे कूलिंग कॉइलआधीच्या अरुंद झडपेतून, समान होत असतो. माझ्या गाडीत तो एसी चालू असतानाही थांबत नाही. गॅस कमी असला तरी त्या झडपेपाशी असा आवाज येतो, म्हणून दाब तपासला. इंजिन बंद असताना गेजवर 100 पीएसआयच्या आसपास दाब दिसला, पण त्यावर विसंबता येत नाही. आत थोडासा द्रव गॅस शिल्लक असेपर्यंत हा दाब तापमानावर ठरतो, गॅसच्या प्रमाणावर नाही. एसी चालवून पाहिले तेव्हा दोन्ही बाजूंचे दाब अपेक्षेपेक्षा कमी भरले. बॅटरीच्या प्रकाशात पाइप तपासताना कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या भागातील, गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या) एका जोडावर, आणि फक्त तिथेच, आपली लाल धूळ तेलकट थराने चिकटलेली आढळली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते, म्हणून हा डाग महत्त्वाचा आहे. साबणाचे पाणी लावल्यावर तिथे अगदी सावकाश एक बुडबुडा फुगला.

ओ-रिंग (जोडातले रबरी कडे) बदलण्यासाठी हा जोड उघडावा लागेल आणि त्यापूर्वी आतला आर-134ए हा गॅस यंत्राने काढून घ्यावा लागेल. तो हवेत सोडणे मला मान्य नाही, कारण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. असे यंत्र असलेल्या फोंड्याच्या एका वर्कशॉपमध्ये पुढच्या शनिवारची वेळ ठरली आहे. निघालेल्या गॅसचे वजन बॉनेटखालच्या लेबलवरील वजनाशी ताडून पाहीन आणि दोन्ही आकडे पुढच्या नोंदीत देईन.