मध्यंतरानंतर रेंगाळतो

मुंबई-पुण्याच्या समीक्षकांना प्रेस शो असतो. आम्हा नागपूरकरांना शुक्रवारचा पहिला खेळ, तिकीट स्वतःच्या खिशातून आणि सहापर्यंत साडेतीनशे शब्द. डेस्कवरच्या कामाच्या वर हे जादा. तिकिटाचं बिल पुढच्या महिन्यात निघालं तर निघालं.

२९ एप्रिल २०१६. डोक्याला दुपट्टा गुंडाळून 'सैराट'ला गेलो. 'झिंगाट' लागताच मागच्या रांगांतली कॉलेजची पोरं थेट पडद्यापुढे जाऊन नाचली. शेवटी आवाज बंद होतो, रक्ताळलेली इवली पावलं उंबऱ्याबाहेर पडतात. दिवे लागले तरी तीच पोरं उठेनात. एक जण वाकून चपला शोधत होता, बराच वेळ. चपला त्याच्या पायातच होत्या.

लिहायला हवं होतं ते हे. पण शेवट फोडायचा नाही, हा आमच्या धंद्यातला दंडक. शेवट वगळला की हाती उरते कोवळ्या वयातली प्रेमकहाणी, म्हणून मी तसंच लिहिलं. रिंकू राजगुरूचं कौतुक बिनधोक होतं. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख महिनाभर आधीच जाहीर झाला होता. अजय-अतुलचं संगीत 'ठेका धरायला लावणारं'. अशी वाक्यं आमच्याकडे कंपोज करूनच ठेवलेली असतात. जातीवर एक वाक्य होतं, ते वरिष्ठांनी उडवलं. "सिनेमाच्या पानावर जात कशाला?" निवडणुकीत मतदारसंघाची जातवार गणितं चौकटीत छापणारा हाच माणूस!

आणि एक वाक्य खास माझं : 'मध्यंतरानंतर चित्रपट रेंगाळतो. वीस मिनिटांची कात्री लागायला हवी होती.' १७४ मिनिटांच्या सिनेमाबद्दल असं लिहिलं की समीक्षक जागा होता, एवढं तरी सिद्ध होतं. तीन स्टार.

पान लावणारा ऑपरेटर उमरेडकडचा. एरवी मजकूर वाचत नाही, ओव्हर मॅटर, म्हणजे जागेत न मावणारा मजकूर, किती तेवढं सांगतो. त्या दिवशी थांबला.

"भाऊ, मध्यंतरानंतर काय आहे त्यात?"

सांगितलं. दोघं पळून हैदराबादला जातात. झोपडपट्टीत खोली. पोरगी बाटल्यांच्या कारखान्यात, पोरगा डोशाच्या गाडीवर. मग भांडणं, संशय, तिला घरची आठवण. त्यातच फार वेळ जातो.

"मंग कापता कायले? पळून जायले एक रात लागते. भांडी जमवाले आमाले सहा महिने लागले."

त्याच्या लग्नाबद्दल मला तेव्हाच कळलं. सात वर्षं शेजारी बसत होतो. तिकीट काढून देऊ का म्हणालो, तर हसला. "पाहून का करू?"

पान सोडायला अजून वीस मिनिटं होती. वाक्य बदलता आलं असतं. मी मात्र त्याला अर्धा स्टार वाढवता येईल का, एवढंच विचारलं. एकरंगी पानावर आमचा अर्धा स्टार शाईच्या डागासारखा उमटतो, म्हणून तोही राहिला. 'रेंगाळतो' तसंच छापून आलं. पुढे सिनेमा महिनोन्‌महिने गाजला, आणि मी 'सुरुवातीपासूनच म्हणत होतो' गटात सामील झालो. कात्रण कोणी मागितलं नाही.

रात्री गाडी काढताना तारीख डोक्यात आली. २८ एप्रिल २०१४ ला, दोन वर्षं नि एक दिवस आधी, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला होता. मुलीशी बोलतो या संशयावरून झाल्याची तक्रार होती. ती बातमी आमच्याकडे मीच लावली होती. कॉलमात बसेना, म्हणून शेवटचा परिच्छेद कापला. त्यात त्याच्या घरच्यांबद्दल होतं.