आधी झिरोचा बल्ब बदला

वीजबिल कमी करायचं म्हणून घरातले सगळे बल्ब एका दमात बदलायची गरज नाही. बल्ब किती वॅटचा आहे तेवढंच बघू नका, तो किती तास जळतो तेही बघा. वॅट गुणिले रोजचे तास गुणिले ३०, भागिले १०००, ही झाली महिन्याची युनिटं.

देवघरात रात्रभर चालू असणारा जुना झिरोचा बल्ब नावालाच झिरो. तो साधारण १५ वॅट खातो. रात्रीचे १० तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प तेवढ्याच तासांत ०.१५ युनिट घेतो. खेड्यात गोठ्यात शंभरचा पिवळा बल्ब रात्रभर जळत असेल तर महिन्याला ३० युनिट तिथंच गेली. १२ वॅटच्या एलईडीत जवळपास तेवढाच उजेड ३.६ युनिटांत पडतो. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत माजघराला खिडकीच नसते, ट्यूब दिवसाही चालूच. ४० वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट पन्नासच्या वर जाते. २० वॅटची एलईडी पट्टी लावली की १० तासांच्या वापरात महिन्याला नऊएक युनिट वाचतात. चालू सीएफएल मात्र जळून जाईपर्यंत वापरा. १४ वॅटवरून ९ वर आल्यानं रोजच्या ५ तासांत महिन्याला पाऊण युनिटच वाचतं.

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपुढं दर चढतो. वाचलेली युनिटं आधी वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च, हाही युनिटामागं असल्यानं तोही घटतो. स्थिर आकार आहे तेवढाच राहतो.

बल्ब घेताना खोक्यावर ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाचा. ९ वॅटला ९०० च्या आसपास हवेत. सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या झटक्यापासून संरक्षण) ४ केव्ही, म्हणजे ४००० व्होल्ट, लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण वळवाच्या पावसात लाईट जाऊन परत येताना बसणाऱ्या झटक्यानंच बरेच ड्रायव्हर, म्हणजे बल्बातलं एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, उडतात. दुसरा शत्रू उष्णता. बंद काचेच्या हंडीत बल्बची उष्णता कोंडते, आतला कपॅसिटर लवकर सुकतो आणि बल्ब लुकलुकायला लागतो. अशा जागी कमी वॅटचा बल्ब लावा, नाहीतर हंडीच काढा. पंख्याच्या रेग्युलेटरवर तर एलईडी लावूच नका.

बटण बंद करूनही एलईडी मंद जळत राहिला तर बल्बला दोष देऊ नका. बटणात इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा करंट पुरतो. इंडिकेटर नसेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असू शकतं, आणि जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास सापडतं. बटण बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. पेटला तर वायरमनला बोलवा, कारण बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत आहे आणि बल्ब बदलताना शॉक बसेल.

जळालेल्या बल्बमध्ये काळा ठिपका पडलेली एलईडी शॉर्ट करून तो परत चालू करायचे व्हिडिओ खूप फिरतात. स्वस्त बल्बात एलईडी बसवलेली आतली पट्टी थेट मेन लाईनच्या संपर्कात असते, म्हणजे शॉकचा धोका, आणि एक एलईडी कमी झाली की उरलेल्यांवर ताण येऊन त्याही जातात. चाळीस-पन्नास रुपये वाचवायला हा उद्योग नको.