काकूंच्या भिंतीतली ओल आणि वरचे दीर

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या त्या घरी मला बोलावलं होतं ते दुरुस्तीला कमी आणि साक्षीला जास्त. खाली काकू, वर त्यांचे धाकटे दीर (त्यांना मी काका म्हणतो), जुनं घर पाडून काही वर्षांपूर्वी नवं बांधलेलं. काकूंच्या बेडरूममधे छताला लागून भिंतीवर हातभर रुंद ओलीचा डाग, रंगाचे पोपडे सुटलेले, आणि बरोब्बर त्याच्यावर दिरांचं बाथरूम. झालं, अजून काय पुरावा पाहिजे! काकांनी बिचाऱ्यांनी आधीच एक मिस्त्री बोलावून टाइल्सच्या फटींत एपॉक्सी (पाणी अडवणारा भराव) भरून घेतलं, फरशीतला निचऱ्याचा नहाणी ट्रॅप बदलला, तरी सीलन जागची हलली नाही, तर काकूंचं म्हणणं मिस्त्री त्यांचा, तो त्यांच्याच बाजूने बोलणार, आता तू बघ आणि त्यांच्यासमोर सांग.

मी एसी आणि प्लंबिंग दोन्ही करतो, त्यामुळे असल्या भांडणात मला नेहमी मधे उभं करतात. मी म्हटलं काकू सांगतो, पण आधी बघू तर द्या.

बाथरूमपासूनच सुरुवात केली. काकांकडे रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर उरलेला लाल रंग होता, पक्का, कपड्यावरून न जाणारा. तो बादलीत कालवला, ट्रॅपचं तोंड बांधलं आणि बाथरूममधे रात्रभर पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खाली डाग ओलाच, पण लालीचा पत्ता नाही. ह्यावर लगेच काका सुटले असं होत नाही हं, स्लॅबमधलं पाणी कुठूनही वळसे घेत येतं आणि कधीकधी दोन-दोन दिवस लावतं. शिवाय रंगाने फक्त फरशी आणि निचरा कळतो, नळाची भिंतीतली लाइन त्यात येतच नाही. म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून त्या लाइनला प्रेशर तपासायचा हँडपंप लावला, 5 किलोचं (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर दिलं आणि अर्धा तास प्रेशरच्या काट्याकडे बघत बसलो. काटा ढिम्म. आता राहिला पाऊस, पण ती भिंत आतली, बाहेरून भिजायला जागाच नाही.

काकू मात्र ठाम, पाऊस लागल्यापासूनच हे सुरू झालंय.

चहा झाला, बाळ दाखवायला आणलं. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, तिचीच ती खोली. बोलता बोलता काकू म्हणाल्या की लेक दवाखान्यात होती ते चार दिवस एवढा मुसळधार पाऊस होता की आम्हाला जाणं-येणं मुश्किल, आणि नेमका तेव्हा डाग वाळला होता, मी ह्यांना म्हटलं पण बघा आपोआप बरं झालं, तर बाळ घरी आलं आणि परत सुरू.

मी कप खाली ठेवला. ते चार दिवस पाऊस चालू, वर काकांच्या आंघोळी चालू, मग खाली बंद काय होतं? मी विचारलं, तेव्हा एसी चालू होता का? नाही रे, खोलीत कुणी नव्हतंच, आता बाळासाठी रात्रंदिवस असतो.

एसी त्या डागाच्या थेट खाली. आउटडोर (एसीचं बाहेरचं युनिट) गच्चीवर, म्हणजे गॅसचे तांब्याचे दोन्ही पाइप, जाड आणि बारीक, भिंतीत झिरी (खाच) मारून वर गेलेले, वरून प्लास्टर. आता ह्यात पावसाचा हात आहे, पण थेंबांचा नाही, पावसाळी हवेतल्या ओलीचा. आपल्याकडे मे महिन्यात 42 डिग्री असतं पण हवा ठणठणीत कोरडी, हवेतली ओल 15 टक्के धरा, तर एखाद्या गोष्टीवर पाणी सुटायला ती साधारण 10 डिग्रीपर्यंत थंड व्हावी लागते. जुलैत 28 डिग्री आणि 80 टक्के ओल असली की 24 डिग्रीलाच पाणी सुटायला लागतं. एसीचा पाइप ह्याहून कितीतरी थंड, तो उघडा असला तर माठासारखा पाझरणारच. आणि आधीच्या वर्षी का नाही झालं, तर इंदूरकर पहिला पाऊस पडला की एसी बंद करून खिडक्या उघडतो, ह्याच वर्षी तो जुलैत रात्रंदिवस चालला.

काकूंना म्हटलं, प्लास्टर थोडं फोडावं लागेल. त्यांनी वर बघितलं, म्हणजे वरच्या बाथरूमचं ना? म्हटलं नाही, तुमचं.

छन्नी-हातोडी घेऊन डागाच्या वरच्या टोकाला फोडलं, एसी चालूच ठेवला. आत जोड निघाला. जोड मारताना ज्वाळेने पाइपवरचा फोम (थंडी आत राखणारं आवरण) जळू नये म्हणून तो दोन्ही बाजूंनी मागे सारतात, तसा सारला होता, पण काम झाल्यावर परत ओढलाच नव्हता! वीतभर तांबं उघडं आणि त्यावरून थेंब सरसर खाली. बारीक पाइपवर तर फोम चढवलेलाच नव्हता. खूप जणांना वाटतं बारीक पाइप गरम असतो, पण घरच्या बहुतेक स्प्लिट एसींमधे गॅस आउटडोरमधेच कॅपिलरीतून (केसासारख्या बारीक नळीतून) सुटून थंड होतो, म्हणून तो पाइपही गारच येतो आणि दोन्हींना वेगवेगळा फोम लागतो. नुसती टेप गुंडाळून काही होत नाही, फोमच्या आत हवा शिरली की आतल्या आत घाम सुटतो. मी नवीन फोम कापून चढवला, सांधे सोल्यूशनने चिकटवले, मग वरून टेप.

काका दारात उभे राहून सगळं बघत होते. एक शब्द बोलले नाहीत, पण चेहरा असा की जणू कोर्टातून सुटले. मग हळूच विचारलं, वहिनी, एपॉक्सीचे पैसे? काकू एक क्षण गप्प, आणि मग म्हणाल्या, "भावजी, एसी बसवणारा माणूस आणला कोणी होता?"

तो आणला होता काकांनीच.

मी सामान आवरलं. निघताना सांगितलं की झिरी काही दिवस उघडीच ठेवा, फोमवर हात फिरवून कोरडं वाटतंय ना ते बघत जा, आणि भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी मारू नका, रंग आता दिवाळीच्या आधी बघू. माझे पैसे कोण देणार ह्यावर खाली-वर चर्चा चालू होती, शेवटी लेकीने आतून आवाज दिला आणि जावयाने फोनवरून पाठवले.